अकरा ग्रॅमचा भाव

वरच्यानं रहीमभाईंच्या हातात कसब भरभरून ओतलं आणि त्याची भरपाई म्हणून जिभेवरचे आकडे काढून घेतले. सगळं यायचं त्यांना, फक्त किंमत सांगता यायची नाही.

माजलगावच्या बसस्टँडमागच्या गल्लीत, सोनाराची पेढी आणि झेरॉक्सचं दुकान यांच्या बेचक्यात त्यांचं आठ बाय दहाचं दुकान आहे. ऐकू न येणाऱ्यांची मशीनं विकायची, बिघडली तर दुरुस्त करायची आणि त्या मशीनला लागणारा कानाच्या मापाचा साचा घडवून द्यायचा, हा त्यांचा बावीस वर्षांचा धंदा. कानात गुलाबी लगदा भरायचा, पाच मिनिटांनी तो घट्ट झाला की अलगद ओढून काढायचा, आणि त्या ठशावरून ॲक्रिलिकचा नितळ तुकडा तयार करायचा. या कामात तीन तालुक्यांत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. धारूरच्या घाटातून म्हातारेकोतारे त्यांच्याकडे यायचे आणि जाताना सुनेचे टोमणे स्पष्ट ऐकत जायचे.

पण गिऱ्हाईक उठून "किती झाले?" म्हणालं, की रहीमभाईंची नजर वरच्या पंख्याकडे जायची, कान लाल व्हायचे आणि तोंडातून एकच वाक्य बाहेर पडायचं, "द्या तुमच्या मनाला येईल ते." आता गिऱ्हाइकाच्या मनाला काय येतं, हे ज्यानं धंदा केलाय त्याला सांगायला नको. एकानं पन्नास रुपये दिले. एकानं अर्धी पिशवी भुईमुगाच्या शेंगा दिल्या. एका तरुण सरपंचानं तर नुसता आशीर्वाद दिला, आणि तोही वयानं वीस वर्षांनी लहान असून.

"दाम बोलने कू शरम आती क्या तुमना?" त्यांची बायको शाईस्ता विचारायची. "चोरी का माल बेचरैं क्या?"

चोरीचा माल असता तर भाव सांगणं सोपं गेलं असतं, असं रहीमभाईंना मनातून वाटायचं.

अशा माणसाकडे जानेवारीच्या शेवटी, ऊस तोडणीच्या ऐन धामधुमीत, तेलगावची सत्यभामा आली. तिच्या सासूचं, चंद्रभागाबाईंचं मशीन रहीमभाईंकडचंच. पण आज सासूचं काही काम नव्हतं. सत्यभामा बिभीषणच्या ऑर्केस्ट्रात गायची. लग्नं, वाढदिवस, जयंत्या, दुकानांची उद्घाटनं, जिथं मांडव तिथं सत्यभामा. गळा गोड, पण अलीकडे स्टेजवर सूर सुटायला लागला होता.

"माझ्या मागं दोन ढोलवाले अन् दोन्ही बाजूला कपाटाएवढे स्पीकर," ती म्हणाली. "मी काय गातीय ते सगळ्या गावाला ऐकू जातंय, मलाच येत न्हाई. मागच्या कार्यक्रमात लोकांनी शिट्ट्या मारल्या. बिभीषणभाऊ म्हणले, वीस तारखेला धारूरला सभापतींचा वाढदिवस हाय, तिथं सूर गेला तर परभणीची पोरगी आणतो. रहीमभाई, आठ वर्षं झाली मला. आता मी काय ऊस तोडायला जाऊ?"

असं म्हणून तिनं फोन पुढे केला. मोठे गायक कानात घालतात त्या वस्तूचा फोटो होता. कानाच्या मापाचा पारदर्शक तुकडा, आत इवले इवले स्पीकर, बाहेर वायर. स्टेजवरच्या गोंगाटाला कानाबाहेर उभं करायचं आणि आपला आवाज तेवढा आत घ्यायचा, असं त्याचं काम. इन-इअर मॉनिटर म्हणतात त्याला. रहीमभाईंनी फोटो बोटांनी मोठा केला आणि त्यांचा चेहरा उजळला. आतले ते स्पीकर म्हणजे त्यांच्याच मशीनच्या पोटातला ऐवज होता. बावीस वर्षं ते ज्याला 'गोळी' म्हणत आले, त्यालाच कंपनीनं 'ड्रायव्हर' असं नाव ठेवून बारा-बारा एका कानात कोंबले होते.

"हे तर मीच करतो की ताई," ते म्हणाले. "चार-चार घालून करून देतो."

"किती?"

पंखा, लाल कान. "तुमच्या मनाला..."

"न्हाई," सत्यभामा म्हणाली. "मनाचं नगं. आकडा सांगा. उपकाराचं कानात घालून मला सूर लागायचा न्हाई. कार्यक्रमापतूर आकडा ठरवा, न्हाईतर मी आपली बिनकानाची गाते."

ती गेली आणि रहीमभाई अडकले. वस्तू करायला तीन आठवडे पुरेसे होते. आकड्याला ते पुरतील की नाही, याची त्यांना खात्री नव्हती.

मग एकच मार्ग उरला. मोठ्या कंपन्या किंमत कशी ठरवतात ते पाहायचं आणि त्याच वाटेनं जायचं. हा अभ्यास रहीमभाईंनी एकट्यानं करायचा ठरवला होता. पण माजलगावात एकट्यानं करता येणारी गोष्ट अजून निघालेली नाही. समोरच्या घरातले बद्रीनाथअण्णा चपला सरकवत येऊन स्टुलावर बसले. अण्णांनी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर एकतीस वर्षं काढली होती. निवृत्त झाल्यावर काटा तिथंच राहिला, पण अण्णांच्या डोक्यात बसलेला निघाला नाही.

फोनवर कंपनीचं पान उघडलं. एका कानात चार ड्रायव्हर असलेली जोडी अठ्ठावन्न हजार. आठवाली शहाण्णव हजार. बारावाली एक लाख एकोणचाळीस हजार नऊशे नव्व्याण्णव.

"बारा ड्रायव्हर?" अण्णा म्हणाले. "येष्टीला एक असतो. अन् कंडक्टर?"

"कंडक्टर नसतो अण्णा. पण बघा, चार गोळ्या वाढल्या की किंमत चाळीस हजारानं वाढती. दोन्ही कानाच्या मिळून आठ गोळ्या. मला त्या चार हजाराच्या आत पडतात. वरचे छत्तीस हजार कावून?"

"अन् हा शेवटचा एक रुपया कावून सोडला?"

दोघं विचारात पडले. आपण शुभकार्याला एकशे एक देतो, पाचशे एक देतो. ही माणसं एक रुपया काढून घेतात. अण्णांनी बराच वेळ डोकं खाजवून निकाल दिला. "दृष्ट लागू न्हाई म्हणून. पुरा आकडा डोळ्यावर येतो."

पण खरा शोध पुढे लागला. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात माहिती होती आणि त्यात लिहिलं होतं, 'वजन (जोडी): अकरा ग्रॅम.' वजन म्हटल्याबरोबर अण्णा स्टुलावर ताठ झाले. त्यांनी शेजारच्या पेढीत डोकावून आजचा सोन्याचा भाव विचारला. बारा हजार सातशे. मग झेरॉक्सवाल्याकडून कॅल्क्युलेटर मागून आणला. बारा हजार सातशे गुणिले अकरा. उत्तर आलं एक लाख एकोणचाळीस हजार सातशे.

कंपनीची किंमत आणि सोन्याचा भाव यांत दोनशे नव्व्याण्णव रुपयांचा फरक होता.

"ते डबीचे," अण्णा म्हणाले.

झालं, शास्त्राचा पाया घातला गेला. कंपन्या या वस्तू सोन्याच्या भावानं विकतात, हे दुपारपर्यंत बसस्टँडपर्यंत पोचलं. पेढीवाल्या सोनारानं स्वतः येऊन सांगितलं, की मग यावर घडणावळ वेगळी लागते आणि घटही धरावी लागते. त्यात त्याला काही चुकीचं वाटत नव्हतं. रहीमभाईंना मात्र बरंच चुकीचं वाटत होतं, पण गणित समोर होतं आणि गणितासमोर आपण कोण? आठवाली आणि चारवाली जोडी या हिशेबात बसत नव्हती, ही गोष्ट अण्णांनी 'तो हलका माल' म्हणून निकालात काढली.

रहीमभाईंनी आपल्या जोडीचं वजन काढलं. नऊ ग्रॅम भरणार होती. सोन्याच्या भावानं एक लाख चौदा हजार तीनशे. हा आकडा तोंडातून काढायच्या नुसत्या कल्पनेनं त्यांना घाम फुटला.

"मग चांदीनं लावा," अण्णांनी माणुसकी दाखवली.

चांदीनं चौदाशे चाळीस झाले. एवढ्यात नुसती वायर यायची. म्हणजे रहीमभाईंची किंमत चौदाशे चाळीस आणि एक लाख चौदा हजार तीनशे यांच्या मध्ये कुठंतरी होती. एवढ्या मोकळ्या रानात बैलजोडीसुद्धा हरवते.

मग त्यांनी धीर करून कंपनीलाच फोन लावला. पलीकडून एका मुलीनं साखरेत घोळवलेल्या आवाजात विचारलं, "सर, आप आर्टिस्ट हैं?"

"नहीं, मैं कान का काम करता," रहीमभाई म्हणाले.

यावर पलीकडे जरा थांबून श्वास घेतल्याचा आवाज आला. पण मुलगी गुणी होती. तिनं पंधरा मिनिटं सांगितलं. आवाजावर संशोधन आहे, प्रत्येक जोडी हातानं घडते, बाहेरच्या झाकणाला लाकूड आहे, आणि तीस दिवसांत कानाला बसली नाही तर पुन्हा करून देतो, फुकट. शेवटचं वाक्य रहीमभाईंना नवल वाटावं असं होतं.

"परत येतात का लोक?" त्यांनी विचारलं.

"येतात ना सर," मुलगी चक्क मराठीत आली; मूळची जालन्याची निघाली. "दहातल्या तीन जोड्या परत येतात. पहिल्या फटक्यात बसतंच असं नाही."

एवढी मोठी कंपनी, आणि दहात तीन वेळा चुकते, हे ऐकून रहीमभाईंना उगाच बरं वाटलं. त्यांनी ते शाईस्ताला सांगितलं, अण्णांना सांगितलं नाही. अण्णांनी त्याचंही वजन केलं असतं.

अण्णांचं आता नवीन निघालं होतं. "आधी टॅक्स कळू द्या. टॅक्स कळल्याशिवाय किंमत ठरत न्हाई. कारखान्यात आमी असंच करायचो." कारखान्यात अण्णा फक्त उसाची बैलगाडी पुढं-मागं घ्यायला सांगायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी रहीमभाई एक दिवस मोडून बीडला एका टॅक्स सल्लागाराकडे गेले.

सल्लागारानं नमुन्याचा तुकडा उलटसुलट करून पाहिला. "ऐकू येण्याचं यंत्र म्हणाल तर शून्य टक्के. हेडफोन म्हणाल तर अठरा. कानात घालायचा खोटा दागिना म्हणाल तर तीन. घालणाऱ्याला ऐकू येतं का?"

"येतं."

"मग अठरा."

"पण साहेब, स्टेजवर त्यांना स्वतःचं ऐकू येत न्हाई."

"स्वतःचं कुणालाच ऐकू येत नाही. त्याला सरकार सूट देत नाही." त्यानं कागद ओढला. "डबीवर किंमत छापावी लागेल. किती छापायची?"

"तेच तर इचारायला आलतो."

"किंमत सांगितल्याशिवाय टॅक्स निघत नाही."

"अन् टॅक्स कळल्याशिवाय किंमत निघत न्हाई, आसं आमचे अण्णा म्हणतात."

तासाभरानं सल्लागाराला सुचलं. "तुमची वर्षाची उलाढाल किती?" रहीमभाईंनी सांगितली. सल्लागार हसला नाही, हे त्याचं मोठेपण. पण त्यानं पेन खिशाला लावलं. "मग तुम्हाला टॅक्सच नाही. नोंदणीचीसुद्धा गरज नाही." सरकारनंही आपल्याला मोजण्यात धरलेलं नाही, हे रहीमभाईंना त्या खुर्चीत बसून कळलं आणि ते जरा मनाला लागलं.

"किती झाले?" त्यांनी उठता उठता विचारलं.

"तीनशे," सल्लागार म्हणाला. पंख्याकडे न बघता, कान लाल न होता, नुसतं तीनशे. रहीमभाईंनी त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं आणि पैसे दिले.

इकडे पहिली जोडी तयार झाली. बायकांच्या कानाचं माप शाईस्तासमोरच घ्यायचं, असा दुकानाचा रिवाज. तिनं लगदा मळून दिला, रहीमभाईंनी भरला, सत्यभामा पाच मिनिटं शहाण्यासारखी बसून राहिली. जोडी अशी देखणी उतरली, की पेढीवाला सोनार दोनदा पाहून गेला.

चाचणी तेलगावात, बिभीषणच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाली. अण्णा अर्थातच सोबत होते. सत्यभामानं कानात घातलं, खालच्या पट्टीत सुरुवात केली आणि तिचे डोळे चमकले. ऐकू येत होतं. रहीमभाईंची छाती वर आली. मग गाणं चढत गेलं. वरचा सूर घ्यायला सत्यभामानं तोंड उघडलं आणि उजव्या कानातला तुकडा टुणकन उडून बिभीषणच्या चहात पडला.

"रहीमभाई," बिभीषण कप न्याहाळत म्हणाला, "धारूरला सभापती पयल्या रांगेत बसणार हायत."

अण्णांनी निदान केलं. "वजन कमी पडलं. जड करा. जड वस्तू जागा सोडत न्हाई. अन् भाव बी वाढंल." रहीमभाईंना हे पटलं नव्हतं, पण अपमानानं त्यांची बुद्धी त्या वेळी ठिकाणावर नव्हती. दुसरी जोडी त्यांनी जाड केली.

ती मात्र उडाली नाही. उडाली नाही आणि निघालीही नाही. सत्यभामाच्या दोन्ही कानांत ती अशी घट्ट बसली, की दोन तास गोडेतेल सोडून, गरम कपड्यानं शेकून, वेगवेगळ्या सात जणांचे सल्ले घेऊन ती सुटली. तेवढ्या वेळात सत्यभामाला बाहेरचं काहीही ऐकू येत नव्हतं, त्यामुळं ती घरातल्या प्रत्येकाशी ओरडून बोलत होती. चंद्रभागाबाई एकट्याच खूश होत्या. सून पहिल्यांदाच ऐकू येईल असं बोलली, म्हणाल्या.

बातमी माजलगावात रहीमभाईंच्या आधी पोचली. 'रहीमभाईनं बाईच्या कानात बूच मारलं.' झेरॉक्सवाला सहानुभूतीनं हसला. एका जुन्या गिऱ्हाइकानं आपलं मशीन कानातून काढून खिशात ठेवलेलं रहीमभाईंनी डोळ्यांनी पाहिलं. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी ते दुकान लवकर बंद करून घरी आले आणि अंगणात खाली मान घालून बसले. वीस तारखेला सहा दिवस उरले होते. सत्यभामाचं गाणं गेलं तर ते आपल्या हातानं गेलं, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात फिरत होता. किंमत तर कुठल्या कुठं राहिली.

शाईस्ता समोर बसून उसाचं कांडं सोलत होती. एक तुकडा तोंडात टाकून चावता चावता ती एकदम थांबली. मग बोट कानात घालून पुन्हा चावायला लागली. थांबली, पुन्हा चावली.

"अजी, हिलता जी!"

"क्या?"

"कान! चबाए तो अंदर से हिलता. तुमी भी देखो."

रहीमभाईंनी कानात बोट घातलं आणि तोंड उघडलं. मिटलं, परत उघडलं. जबडा हलला की कानाची आतली भिंत सरकत होती. ते ताडकन उठले. बावीस वर्षं त्यांनी म्हाताऱ्या माणसांचे ठसे घेतले होते. ती माणसं तोंड मिटून बसायची, घरीही तोंड मिटूनच बसायची, कारण त्यांना ऐकायचं असायचं. सत्यभामाला गायचं होतं! मिटल्या तोंडाचा ठसा उघड्या तोंडाला कसा बसणार?

दुसऱ्या दिवशी सत्यभामाच्या दातांमध्ये उसाचं दोन बोटं रुंदीचं कांडं आडवं दिलं, वरचा सूर घेताना असतं तेवढं तोंड उघडं ठेवलं, आणि ठसा घेतला. पाच मिनिटांत कांड्यातून रस गळून तिची ओढणी भिजली. शाईस्ता रस पुसत होती आणि हसत होती, सत्यभामाला हसायची बंदी होती, तरी तिचे खांदे हलत होते. बऱ्याच दिवसांनी त्या दुकानात सगळ्यांना हसू आलं होतं.

तिसरी जोडी अशी बसली, की सत्यभामानं शेडमध्ये तीन गाणी गायली, एक जांभई दिली, बिभीषणशी मानधनावरून भांडण केलं, तरी हलली नाही.

वीस तारखेला सकाळी चहा पिताना शाईस्तानं विषय काढला. हिशेबाचं बोलायचं असलं की ती मराठीवर यायची. "आज ताई विचारणार. काय सांगणार?"

"सामान सहा हजार दोनशेचं," रहीमभाई म्हणाले आणि थांबले.

"अन् आधीच्या दोन जोड्या वाया गेल्या, गोळ्या चहात अन् तेलात गेल्या, तेलगावच्या चकरा झाल्या, त्याचं?"

"त्या माझ्या चुका. त्याचे पैसे कसे मागू?"

"कंपनी मागते ना! दहातल्या तीन परत येतात तर त्या काय सासऱ्याच्या खिशातनं करती? सगळ्या दहांच्या किमतीत आधीच धरती."

रहीमभाईंच्या हातातला कप तसाच राहिला. सोनं नाही, चांदी नाही, लाकडाचं झाकणही नाही. कंपनी आपल्या चुकांची किंमत आधीच घेऊन ठेवते, म्हणून तर ती पोरगी फोनवर एवढी गोड बोलत होती! सामान सहा हजार दोनशे. चुका साडेआठ हजार. शाईस्तानं वर सात हजार तीनशे टाकले. ताईनं पुन्हा परत आणलं तर त्यातून, आणि नाही आणलं तर ती आपली मजुरी. झाले बावीस हजार. शाईस्तानं त्यांच्याकडून तो आकडा चार वेळा म्हणवून घेतला. "अन् कुणी बी विचारू दे, आकडा एकच. गरिबाला वेगळा अन् पुढाऱ्याला वेगळा, असं करायचं न्हाई."

धारूरला किल्ल्याच्या पायथ्याशी मांडव घातला होता. माजी सभापती अमरसिंह यांची साठी. सभापतिपद जाऊन त्यांना पंधरा वर्षं झाली होती, पण 'माजी' हा शब्द त्यांच्यासमोर कुणी वापरत नसे. आपल्या प्रत्येक वाढदिवसाला ते स्वतः एक गाणं म्हणायचे, आणि लोक ते सोसायचे, कारण पुढं जेवण असायचं. या वेळीही ते गायले. सूर कुठं, सभापती कुठं! खाली उतरताना त्यांनी स्पीकरवाल्याकडे रागानं पाहिलं.

मग सत्यभामा उभी राहिली. ढोल सुरू झाले, स्पीकर धडधडायला लागले. रहीमभाई मांडवाच्या खांबाला धरून उभे होते आणि तिच्या चेहऱ्याकडे न बघता तिच्या उजव्या कानाकडे बघत होते. गाणं चढलं. तोंड उघडलं. वरचा सूर आला आणि थेट किल्ल्याच्या भिंतीपर्यंत जाऊन थांबला, न हलता, न फाटता. तुकडा जागच्या जागी. मांडवातल्या कुजबुजी थांबल्या, मग टाळ्या अशा पडल्या की ढोलवाल्यांनीच हात थांबवले. अण्णा शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला सांगत होते, "नऊ ग्रॅम! फकस्त नऊ ग्रॅम!" रहीमभाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

सत्यभामा उतरून सरळ त्यांच्याकडे आली. चेहरा फुललेला. "रहीमभाई, आठ वर्षं गातीय. माझा आवाज कसा हाय ते आज पयल्यांदा कळलं."

"कसा हाय?"

"बरा हाय की वो!" ती म्हणाली आणि खळखळून हसली. मग लगेच गंभीर झाली. "आता आकडा."

तेवढ्यात मागून सभापती आले, सोबत दहा-बारा माणसं, गळ्यात हार. "हेच का ते? रहीम, आपल्याला बी एक जोडी पायजे. माझा सूर त्या गोंगाटानंच जातो. बोल, किती?"

दोघांनीही एकदमच विचारलं होतं. रहीमभाईंची नजर वर गेली. वर पंखा नव्हता, मांडवाचं कापड होतं. ओठांवर जुनं वाक्य येऊन थांबलं. गर्दीच्या कडेला शाईस्ता उभी होती. ती काही खुणावत नव्हती, नुसती बघत होती.

"बावीस हजार," रहीमभाई म्हणाले.

पुढचे चार क्षण त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात लांब होते. त्या क्षणांत 'तुमच्यासाठी अठरा' म्हणावंसं त्यांना इतकं अनावर झालं, की त्यांनी खांब घट्ट धरला. आणि धरूनच राहिले.

"मी तीस धरले होते," सत्यभामा हळूच म्हणाली.

रहीमभाईंचे आठ हजार तिथल्या तिथं बुडाले. पण आपली किंमत कुणालातरी कमी वाटली, हा प्रसंग त्यांच्यावर जन्मात पहिल्यांदाच आला होता, आणि त्याची गोडी आठ हजारांपेक्षा जास्त होती.

"एवढुशा तुकड्याला बावीस?" सभापती म्हणाले. "काय काय हाय यात?"

"सहा हजाराचं सामान हाय. साडेआठ हजार माझ्या चुकांचे. बाकी मजुरी."

"चुकांचे?" सभापतींना पकडायला जागा सापडली. "आरं, पण चुका तर बाईंच्या कानात झाल्या! त्या आता होऊन गेल्या. माझ्या जोडीतनं तेवढे वजा कर."

दहा-बारा माणसांनी माना डोलावल्या. मुद्दा बिनतोड होता.

"त्यांच्या चुका त्यांच्या किमतीत गेल्या, सभापती," रहीमभाई म्हणाले. "तुमचे कान नवे हायत. चुका बी नव्या होतील."

मागं कुणीतरी फसकन हसलं. सभापतींनी वळून पाहिलं, हसणारा दिसला नाही. त्यांनी हार सारखा केला.

"बरं," ते म्हणाले. "उद्या बंगल्यावर ये माप घ्यायला."

"माप दुकानात होतं, सभापती."

फीत कापायची असल्याशिवाय सभापती गेल्या पंधरा वर्षांत कुणाच्या दुकानाची पायरी चढले नव्हते. रहीमभाईंनी खांब सोडला होता. सभापतींनी एकदा त्यांच्याकडे, एकदा सत्यभामाच्या कानाकडे पाहिलं.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.